काटेबाईंनी सरळ केलेला कॅमेरा

माझ्या आत्याकडे चौदा कॅमेरे आहेत आणि त्यातल्या एकानेही काढलेला फोटो कुणाला पटकन पाठवता येत नाही. आत्याला सांगितलं तर ती पाठवून देते, पण त्याआधी विचारते, "कशाला पाठवायचाय?" याचं उत्तर देईपर्यंत माणसाची हौस फिटते.

कॅमेरे डिजिटलच आहेत, रोलवाले नाहीत. पण वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे. फोटो साठवायचे कशावर, याबद्दल तेव्हा कुणाचं कुणाशी पटत नव्हतं. एका कॅमेऱ्याला नखासारखं पातळ कार्ड लागतं, जरा वाकलं की संपलं. दुसऱ्याला तळहाताच्या खळग्यात बसेल एवढी सीडी लागते. आणि तीन कॅमेऱ्यांत चक्क फ्लॉपी जाते, जुन्या कॉम्प्युटरांत जायची ती चौकोनी, पत्र्याच्या सरकत्या झडपेची. हे सगळं बनवणं जगाने केव्हाच सोडून दिलं. आत्याने वापरणं सोडलेलं नाही.

आत्या अठ्ठावन्न वर्षांची आहे. बत्तीस वर्षं ती काट्यांच्या वर्कशॉपमध्ये आहे. म्हणजे तोलकाटे. औषधवाल्यांचे, सोनारांचे, पार्सलवाल्यांचे, भंगारवाल्यांचे. बिघडलेला काटा शून्यावर आणायचा, मग खोक्यातली प्रमाण वजनं चिमट्याने उचलून त्यावर ठेवायची, आणि काटा खरं बोलला तरच तो परत द्यायचा. सगळा बाजार तिला काटेबाई म्हणतो. तिला ते आवडतं का, हे कुणी विचारलेलं नाही. एकदा माझ्या बाबांनी विचारलं तर म्हणाली, "तुला दादा म्हणतात ते तुला आवडतं का?" बाबा तिच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान आहेत. तेव्हापासून तेही विचारत नाहीत.

आत्या आमच्या वरच्या खोलीत राहते. खोलीत पलंग आहे, लांब टेबल आहे, आणि भिंतभर फळी. फळीवर कॅमेरे. प्रत्येकासमोर त्याचीच कार्डं किंवा फ्लॉप्या, कारण एकाचं दुसऱ्याला द्यायचं नाही असा तिचा नियम आहे. रविवारी सकाळी ती एक कॅमेरा काढते आणि मागच्या गॅलरीतल्या दोरीवरच्या कपड्यांचा फोटो घेते. गेली सात वर्षं दर रविवारी तेच कपडे.

"वन्सं," आई एकदा म्हणाली, "जगात बघण्यासारखं काहीच उरलं नाही का? माझ्या उशांचे अभ्रे चौदा कॅमेऱ्यांत आहेत."

"विषय तोच ठेवायचा असतो," आत्या म्हणाली. "रोज वेगळं वजन ठेवलं तर काटा बरोबर की चूक ते कळणार कसं?"

"मग निदान अभ्रे तरी नवे आणते."

"नको. पांढरेच राहू देत. आणि तो निळा टॉवेल डावीकडेच वाळत घालत जा."

आई तो टॉवेल डावीकडेच घालते. वैताग येतो म्हणते, पण घालते.

आत्याच्या प्रयोगांची वही आहे. कुठलं कार्ड थंडीत रुसतं, कुठला कॅमेरा पिवळा रंग खातो, कुठली फ्लॉपी किती वेळा लिहून पुसता येते. बुरशी आलेली फ्लॉपी ती धुते, अगदी पाण्याने. झाकण उलगडून आतली मऊ काळी चकती बाहेर काढायची, भांड्यांच्या साबणाच्या दोन थेंबांत बोटाने फिरवायची, आणि चिमट्याला लावून वाळत टाकायची. पहिल्यांदा आईने त्या चकत्या दोरीवर बघितल्या तेव्हा तिने आपले अभ्रे काढून घेतले.

तर अशा या बाईकडे एका शनिवारी संध्याकाळी पेंटर आले.

पेंटर म्हणजे पाट्या रंगवणारे. आमच्या भागातल्या निम्म्या दुकानांची नावं त्यांच्या हातची होती. होती म्हणायचं, कारण आता सगळीकडे छापलेलं प्लास्टिक आहे. ते एकसष्ट वर्षांचे, अंगाने काटकुळे, आणि बोलताना समोरच्याच्या डोक्यावरच्या भिंतीकडे बघतात, तिथे काही लिहिता येईल का असं. एका काखोटीला बुटांचा खोका, दुसऱ्या हातात पिशवी. पिशवीत विटेएवढा कॅमेरा.

"काटेबाई, तुम्ही असलं जुनं जिवंत करता म्हणे."

"कुणी सांगितलं?"

"औषधवाल्याने. म्हणाला, पाण्याने धुतात."

"सगळंच नाही धूत. बसा."

पेंटरांनी खोका टेबलावर ठेवला. आत बावीस फ्लॉप्या, प्रत्येकीवर देखण्या अक्षरांत महिना आणि साल.

त्यांनी हकिगत सांगितली ती अशी. चित्रशाळेत अक्षरलेखन शिकवायला माणूस हवा होता. पेंटरांकडे कुठलीही पदवी नाही, पण प्राचार्यबाई म्हणाल्या, पदवीचं आम्ही बघू, तुम्ही काम दाखवा. खरोखरच्या दुकानांवर लावलेलं काम. शुक्रवारी सकाळी अकरा वाजता तीन जणांची समिती बसणार होती.

"आणि काम तर उरलं नाही," पेंटर म्हणाले. "परवा सगळा बाजार फिरून आलो. माझ्या दोन पाट्या सापडल्या. एक न्हाव्याची, तिच्यावर आता आरसा आहे. आणि एक 'इथे थुंकू नये'. ती घेऊन जाऊ?"

"अक्षर चांगलं आहे तिचं," आत्या म्हणाली. ती चेष्टा करत नव्हती.

"बाकी सगळं यात आहे. पाच वर्षांचं काम. तेव्हा हौसेने घेतला होता कॅमेरा. बॅटरी गेली आणि पडून राहिला. मध्ये कॉम्प्युटरवाल्याकडे एक फ्लॉपी नेली तर त्याचं मशीन म्हणालं, ही कोरी आहे, फॉरमॅट करायची का? मी म्हटलं, हात लावू नको, बाबा."

"बरं केलंत."

"यात काही निघालं तर मी शिक्षक. नाही निघालं तर घरी बसलेला म्हातारा. बायको म्हणते, तू घरी बसलास तर मीच नोकरी शोधते."

आत्याने कॅमेरा हातात घेतला, कानाशी हलवून बघितला, आणि म्हणाली, "सोमवारी या."

रविवारी त्या आठवड्यापुरते अभ्रे वाचले. आत्याने सकाळी आठला कॅमेरा उघडला. मी शेजारी बसले होते, कारण स्क्रू पडला की शोधायला तरुण डोळे लागतात. तिने बॅटरीचा डबा फोडून आत नवे सेल जोडले. आतली धूळ स्पिरिटने पुसली, अगदी कोपऱ्या-कोपऱ्यातली. सगळं लखलखीत झालं.

"आता फ्लॉपी घाल ना," मी म्हटलं.

"घाई नको. आधी मशीन तपासायचं, मग त्यात माल घालायचा. घाणेरड्या मशीनने चरे पाडले तर? बावीसच आहेत त्याच्याकडे."

वर्कशॉपमध्ये न तपासलेल्या काट्यावर ती साधं लिंबूसुद्धा ठेवू देत नाही. तिने फळीवरून स्वतःची एक फ्लॉपी घेतली. त्यावर अभ्रे होते आणि ती कुठल्याही चांगल्या यंत्रात उघडते याची तिला खात्री होती. ती पेंटरांच्या कॅमेऱ्यात घातली. घर्र झालं, टकटक झालं, आणि पडद्यावर आलं, डिस्क वाचता येत नाही.

"बघितलंस?" आत्या म्हणाली. तिला आनंद झाला होता. बिघाड सापडला की तिला होतो तसा.

फ्लॉपीच्या चकतीवर लिहिलेलं असतं गोल गोल वळ्यांत, एकात एक. वाचणारा काटा एका दांड्यावर बसून वळ्यामागून वळं सरकतो. पेंटरांच्या कॅमेऱ्यात तो दांडा हलवणारी मोटर जराशी फिरलेली होती, केसाएवढी. त्यामुळे काटा वळ्यावर न येता दोन वळ्यांच्या मध्ये येत होता. आत्याने मोटरचे दोन स्क्रू सैल केले, मोटर बोटाने किंचित ढकलली, आपली फ्लॉपी घातली, काढली, पुन्हा ढकलली. जेवायच्या वेळेपर्यंत तेच. शेवटी पडद्यावर अभ्रे आले. डावीकडे निळा टॉवेल.

तिने स्क्रू आवळले, वर माझ्या नेलपॉलिशचा थेंब टाकून पक्के केले, हात धुतले, आणि पेंटरांची पहिली फ्लॉपी घातली.

डिस्क वाचता येत नाही.

दुसरी घातली. तिसरी घातली. बाविसाव्या फ्लॉपीपर्यंत कॅमेऱ्याने तेच सांगितलं. मध्ये आई जेवायला बोलावून गेली, दोनदा. तिसऱ्यांदा ती ताट घेऊनच वर आली.

"गेल्या असतील हो, वन्सं. पंचवीस वर्षं म्हणजे काय थोडी झाली?"

"बावीसच्या बावीस?" आत्या म्हणाली. "बुरशीचा ठिपका नाही एकीवर."

पण कॅमेरा तर आता बरोबर होता. तिने स्वतः बरोबर केला होता. म्हणजे दोष फ्लॉप्यांचा.

सोमवारी सहा वाजता पेंटर आले. आत्याने त्यांना बसायला सांगितलं, चहा दिला आणि एका वाक्यात सांगितलं, "फोटो गेले, पेंटर."

त्यांनी कप खाली ठेवला नाही. भिंतीकडे बघितलं.

"सगळे?"

"सगळे. कॅमेरा ठणठणीत आहे. फ्लॉप्यांवर काही उरलेलं नाही."

"असं कसं. दिसायचे की." पेंटर वाद घालत नव्हते, स्वतःलाच सांगत होते. "गिऱ्हाइकाला याच पडद्यावर दाखवायचो. हे बघा, तुमच्या शेजारच्याची पाटी कशी केलीय. शेजारच्याची बघितली की गिऱ्हाईक लगेच हो म्हणायचं."

"आणि कॉम्प्युटरवर कसे दिसायचे?"

"कॉम्प्युटर होता कुणाकडे? याच्यातच काढायचे, याच्यातच बघायचे."

आत्याचा हात खोक्यावर होता, तो तिथेच थांबला.

"दुसऱ्या कशात कधीच नाही बघितले?"

"नाही."

"पेंटर, हा कॅमेरा कधी पडला होता?"

"घेतल्याच्या आठवड्यातच. शिडीवरून. मी वर, तो खाली. मला वाटलं संपला. पण चालू झाला. नवी फ्लॉपी टाकली की आधी म्हणायचा फॉरमॅट करू का, मी हो म्हणायचो, मग व्यवस्थित चालायचा. का हो?"

आत्या उठून फळीपाशी गेली. तिथे काही करायचं नव्हतं. एक कॅमेरा उचलून तिने पुन्हा होता तिथेच ठेवला. मी तिला कधीच कुणाची माफी मागताना ऐकलेलं नाही, त्यामुळे ती कशी मागते हे मला माहीत नव्हतं.

"फोटो गेलेले नाहीत," ती म्हणाली. "मी खोटं बोलले. म्हणजे मला खरं वाटलं होतं. तुमचा कॅमेरा पडला तेव्हा वाकडा झाला. मग तो पाच वर्षं वाकडंच लिहीत होता आणि वाकडंच वाचत होता, म्हणून त्याचं त्याला बरोबर दिसायचं. तुमचं लिखाण दोन रेघांच्या मध्ये आहे. ते वाचणारं जगात एकच यंत्र होतं. मी ते काल सरळ केलं."

"म्हणजे दुरुस्त केलंत म्हणून दिसत नाही?"

"हो."

पेंटरांनी विचार केला.

"मग बिघडवा की."

"तेवढं सोपं नाही."

"अहो, माझ्या घरी सहज होतं. नातू पाच मिनिटांत बिघडवतो."

"काहीतरी बिघडवून चालणार नाही, तेवढंच बिघडवायला पाहिजे," आत्या म्हणाली. "केसाइतकं. इकडे की तिकडे, तेही माहीत नाही. मोटर आधी कुठे होती याची खूण मी केली नाही. धुळीचा वण असेल तर तो मी स्पिरिटने पुसला."

हे सगळ्यात वाईट होतं, आणि ते तिला माहीत होतं. बरोबरचं माप एकच असतं, त्यासाठी खोक्यात वजनं असतात. चूक किती होती हे सांगणारं वजन कुठल्याच खोक्यात नसतं. तिच्या धंद्यात जुनी चूक जपून ठेवायची वेळ कुणावर येत नाही. काटा सरळ करायचा आणि मागचं विसरायचं.

"तुम्ही दुसऱ्या कुणाकडे नेणार असाल तर न्या," ती म्हणाली. "मी नाही म्हणणार नाही."

"दुसरं कोण आहे?"

"कुणीच नाही."

"मग कशाला विचारता? चहा गार झाला. अजून देता का अर्धा?"

मंगळवारी आत्या वर्कशॉपमधून लवकर आली, येताना एक बारीक, ताठ तार आणि आलेखाचा कागद घेऊन. मोटरला तिने वीतभर तार चिकटवली आणि तारेच्या टोकाखाली कागद ठेवला. मोटर केसभर फिरली तर तारेचं टोक कागदावर दहाएक घरं सरकायचं. सरळची जागा तिने शून्य धरली. मग डावीकडे एक घर, फ्लॉपी. दोन घरं, फ्लॉपी. पेंटरही येऊन बसले होते. सगळ्यासाठी फ्लॉपी एकच, त्यांनी स्वतः निवडलेली.

"हीच का?" मी विचारलं.

"हिच्यात चपलांच्या दुकानाची पाटी आहे. रंग जमला होता मनाजोगता. पण ही गेली तरी चालेल, त्या दुकानदाराने मला फार छळलं."

अडचण वेगळीच निघाली. मोटर जागेवर आणली तरी स्क्रू आवळताना ती पुन्हा हलायची. आत्याचा हात कामाचा आहे, पण तिला वजनं उचलायची सवय, आणि ही मोटर शेंगदाण्याएवढी. तिसऱ्यांदा घसरली तेव्हा पेंटरांनी खुर्ची पुढे ओढली.

"मी धरतो. तुम्ही आवळा."

"हलवू नका मात्र."

"काटेबाई, मी शिडीवर उभा राहून वाऱ्यात रेघ मारलेली आहे. एक रेघ, बारा फुटांची."

त्यांनी डाव्या हाताची मूठ टेबलावर टेकवली, तिच्यावर उजवं मनगट ठेवलं आणि दोन बोटांनी मोटर धरली. तारेचं टोक जरासुद्धा हललं नाही. आत्याने चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं. एवढी दाद ती सहसा कुणाला देत नाही.

मंगळवार डावीकडे गेला. वीस घरं, काही नाही. बुधवारी उजवीकडे सुरुवात केली. आई खालून विचारत होती, "काय झालं?" आणि मी वरून सांगत होते, "सहा." "काय झालं?" "आठ."

अकराव्या घराला कॅमेरा घर्र करून थांबला, पुन्हा टकटक झालं, आणि पडद्यावर वाचता येत नाही असंच आलं. आत्याने फ्लॉपी काढायला बोट पुढे केलं.

"थांबा," पेंटर म्हणाले. "हा आवाज होता."

"कुठला?"

"टक झाल्यावर बारीक कण्हायचा. उघडायच्या आधी. वीस वर्षांत ऐकला नव्हता."

"कण्हला? मला नाही ऐकू आलं."

"तुमच्या वेळी सरळ होता ना. कशाला कण्हेल?"

आत्याने ते घर सोडलं नाही. अकराच्या अलीकडे, पलीकडे, पाव घर, अर्धं घर. पेंटर धरत होते, ती आवळत होती, दोघांची डोकी एकमेकांवर आपटायची बाकी होती. अकरा आणि वर थोडं झालं तेव्हा पडदा काळा झाला, मग वरून खाली पडदा सोडावा तसा फोटो उतरत गेला. हिरव्या जमिनीवर पिवळी अक्षरं, आणि खाली एक माणूस कमरेवर हात ठेवून उभा.

"हाच तो," पेंटर म्हणाले. "चपलावाला."

आई वर आली होती. तिने पडद्यात डोकावून बघितलं आणि म्हणाली, "माणूस छळणाराच दिसतो."

दिसले खरे, पण कॅमेऱ्याच्या दोन इंची पडद्यात. समितीपुढे तो कॅमेरा फिरवता आला नसता, आणि या फ्लॉप्या दुसरं कुठलं यंत्र वाचणार नव्हतं. पडद्याचा फोटो काढावा असं मी सुचवलं. आत्याने माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा काही सुचवलं नाही. ती वही काढून बराच वेळ पानं उलटत बसली. या कॅमेऱ्यांत एक सोय असते, फ्लॉपीची नक्कल करायची. कॅमेरा आधी अख्खी फ्लॉपी वाचून पोटात ठेवतो, मग म्हणतो, आता दुसरी घाला, आणि तिच्यावर ते उतरवतो.

"मध्ये तो थांबतो," आत्या म्हणाली. "आपण फ्लॉपी बदलेपर्यंत."

"मग?" पेंटर म्हणाले.

"तेवढ्यात सरळ करायचा."

गुरुवारी तिने रजा टाकली. बाबांनी विचारलं, "ताई, बरं नाही का?" कारण तिने रजा टाकल्याचं त्यांना आठवत नव्हतं. कॅमेरा उघडा, चालू, तार वर. आलेखाच्या कागदावर दोन खुणा, एक शून्याची आणि एक अकराच्या पुढची. वाकड्यावर वाचायचं. कॅमेरा थांबला की स्क्रू सैल, पेंटरांची दोन बोटं, तार शून्यावर, स्क्रू घट्ट. नवी फ्लॉपी घालून सरळ लिहायचं. पुन्हा वाकडं. एकेका फ्लॉपीला पंधरा-वीस मिनिटं लागत होती. दुपारपर्यंत दोघं बोलेनासे झाले, नुसतं "हं" आणि "सोडा". संध्याकाळी सहापर्यंत एकोणीस फ्लॉप्या निघाल्या. तीन निघाल्या नाहीत. घर पुढे-मागे करून बघितलं, कॅमेरा कण्हायचा आणि सोडून द्यायचा.

फ्लॉप्या घेऊन मी आत्याच्या जुन्या कॉम्प्युटरवर बसले. तीनशेच्या वर फोटो. पेंटर मागे उभे राहून निवडत होते आणि निवडताना निर्दय झाले होते.

"हा नको. हा नको. हा छापा. हा अर्धवट आहे, नको."

अर्धवट पुष्कळ होते. गिऱ्हाईक रोज येऊन विचारायचं, काम कुठवर आलं, म्हणून पेंटर रोज फोटो काढून ठेवायचे. कोरी फळी. खडूच्या रेघा. अक्षरांची नुसती कड. मासळीच्या दुकानाच्या पाटीचे तर सात होते, आणि तिसऱ्यात एक अक्षर चक्क खोडलेलं.

"हे सातही छाप," आत्या मला म्हणाली.

"अहो, खोडलेलं काम कोण दाखवतं?" पेंटर म्हणाले. "लोक काय म्हणतील?"

"तुम्ही तिथे शिकवायला जाताय ना? पाट्या विकायला नाही."

"तरी पण. निदान तिसरा काढा."

"तिसरा काढला तर दुसऱ्यात अक्षर एकीकडे आहे आणि चौथ्यात दुसरीकडे. बघणारा म्हणेल, हे झालं कसं?"

"ते त्यांना कळलं तर मी त्यांच्याकडून शिकेन."

पण त्यांनी काढायला लावला नाही. माझ्याकडे बघून नुसतं म्हणाले, "खालच्या बाजूला ठेव. सगळ्यात खाली."

शुक्रवारी संध्याकाळी ते आले तेव्हा इस्त्रीचा सदरा अजून अंगावर होता. दार आईने उघडलं. त्यांचा चेहरा बघून तिला काही कळेना, म्हणून तिने सरळ विचारलं, "झालं का?"

"आधी पाणी द्या."

आत्या जिन्यातून अर्धी खाली येऊन थांबली. पेंटर पाणी प्याले आणि जिन्याकडे बघून सांगू लागले.

"तिघं होते. प्राचार्यबाईंनी फोटो घेतले आणि पत्ते पिसावे तसे भराभर पाहिले. चपलावाला गेला, औषधवाला गेला. मग मासळीवाला आला. तिथे थांबल्या. सात फोटो टेबलावर ओळीने मांडले आणि बाकीच्या दोघांना बोलावलं. म्हणाल्या, तिसऱ्यात काय झालंय?"

"तुम्ही काय सांगितलं?" आत्या म्हणाली.

"खरं ते. दोन अक्षरांमधली जागा चुकली. जवळून बरोबर दिसत होती, रस्त्याच्या पलीकडे जाऊन बघितलं तर भोक पडल्यासारखं. म्हणून खोडलं. मग त्यांनी मला खडू दिला आणि फळ्याशी उभं केलं. म्हणाल्या, दाखवा, जवळून बरोबर आणि लांबून चूक. मी दाखवलं. त्या खोलीच्या टोकाला जाऊन बघून आल्या. तिघंही गेले एकामागून एक."

"आणि?"

"मंगळवार आणि गुरुवार. पुढच्या आठवड्यापासून."

आई म्हणाली, "अहो, मग हे आधी सांगायचं, पाणी नंतर मागायचं."

आत्या खाली आली आणि शेवटच्या पायरीवर बसली. तिला तिथे बसलेलं मी कधी बघितलं नव्हतं.

"आता एक काम आहे," पेंटर म्हणाले. "मुलांच्या कामाचे फोटो काढायचे आहेत. रोजच्या रोज, कुठवर आलं ते. छापून मुलांनाच घरी न्यायला देईन. त्यामुळे कॅमेरा सरळ पाहिजे. वाकड्याचे फक्त मलाच दिसतील."

"सरळ केला तर त्या तीन फ्लॉप्या राहिल्याच मग."

"राहू देत. त्यात काय आहे तेही आठवत नाही. करा सरळ."

आत्याने कॅमेऱ्यासाठी वर बघितलं, जिन्याच्या दिशेला, पण उठली नाही.

"मंगळवारी लागेल ना तुम्हाला?"

"मंगळवारी."

"मग सोमवारी न्या," ती म्हणाली. "त्या तीन इथेच ठेवा. रविवारपर्यंत राहू दे वाकडा."